स्वस्तातली फॅक्टरी-मेड सेमी-ऑटो रायफल दहा-पंधरा वर्षं टिकेल का, हे कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की तुमचा दादा टेक्सासला ग्रीन कार्डवर आहे, तिकडे पाचशे-सहाशे डॉलरची एआर-१५ घ्यायच्या विचारात आहे, आणि दुकानदार म्हणतो महागडीत आणि हिच्यात फक्त नावाचा फरक आहे. तर हे कितपत खरं आणि लांब पल्ल्यात ती दगा देईल का.

आधी सांगतो, मी बंदूकवाला नाही. मी रबाळे एमआयडीसीत २६ वर्षं हीट ट्रीटमेंट आणि इन्स्पेक्शन करतोय, गिअर, पिना, शाफ्ट, स्प्रिंगा असलं सगळं. पण माझा मेव्हणा ह्यूस्टनजवळ राहतो, तिकडचा नागरिक आहे, त्याच्याकडे अशीच बजेटवाली रायफल आठ वर्षांपासून आहे आणि आम्ही तिकडे गेलो होतो तेव्हा त्याने तिचा बोल्ट (गोळी उडताना बॅरल मागून बंद ठेवणारा तुकडा) सुटा करून किचनच्या टेबलावर माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाला भाऊजी तुम्ही बघा, तुमचंच काम आहे. दोन तास कसे गेले कळलं नाही. (रेंजवर त्याच्यासोबत गेलो पण स्वतः चालवली नाही, व्हिजिटर व्हिसावाल्याला तिकडचा फेडरल कायदा थोडे अपवाद सोडले तर बंदूक बाळगू देत नाही, त्या भानगडीत कुणीच पडू नये. आणि दादाला हेही सांगा की ती कधी इकडे आणायचा विचार करू नकोस.)

आता दुकानदाराचं अर्धं बरोबर आहे. या रायफलची वरची-खालची अ‍ॅल्युमिनियमची बॉडी, म्हणजे रिसीव्हर, बहुतेक सगळ्यांची एकाच ग्रेडची असते, ७०७५-टी६, आणि तिचं फोर्जिंग करणारे कारखाने अमेरिकेत मोजकेच आहेत, त्यांच्याकडूनच स्वस्तवाले घेतात आणि महागवालेही घेतात. डिझाइन १९५० च्या दशकातलं, मापं सगळ्यांना माहीत. मग किंमत कुठे कमी होते? माझ्या धंद्यातून मला जे दिसतं ते सांगतो. किंमत मुख्यतः तपासणीत कमी होते. मटेरियल थोडं उन्नीस-बीस असेल, पण खरा पैसा वाचतो तो जॉब, म्हणजे बनवलेला पार्ट, न तपासता पुढे ढकलण्यात. एक पार्टी आमच्याकडे पिना हार्डनिंगला द्यायची, रेट कमी करा म्हणून मागे लागली आणि शेवटी म्हणाली मॅग्नाफ्लक्स (चुंबकाने बारीक क्रॅक शोधायची तपासणी) काढून टाका, नुसतं हार्डनिंग द्या. पिना दिसायला तशाच, हार्डनेस तोच, टीसी म्हणजे टेस्ट सर्टिफिकेट तोच. सहा-सात महिन्यांनी त्यातल्या काही पिना मशीनमध्ये तुटल्या आणि तुटलेल्या तोंडावर जुनी काळपट क्रॅक स्पष्ट दिसत होती, म्हणजे ती आमच्या भट्टीतून बाहेर पडतानाच होती, फक्त कुणी बघितली नव्हती. तो लॉट आठवला की मला अजून वाईट वाटतं.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की स्वस्त रायफल घ्यायला हरकत नाही, पण कंपनीने जी तपासणी वाचवली ती मग घेणाऱ्याने स्वतः करायची.

सगळ्यात जास्त लक्ष बोल्टवर द्यायचं. गोळी उडताना सगळा मार हा छोटासा तुकडा खातो. त्याच्या तोंडाला सात दाते असतात, जे बॅरलच्या खाचेत अडकतात, आणि मध्ये कॅम पिनसाठी (बोल्ट फिरवून लॉक-अनलॉक करणारी पिन) आरपार भोक असतं तिथे धातू फार पातळ उरतो. क्रॅक जायची तर या दोन जागांवरून, भोकापाशी किंवा दात्यांच्या मुळाशी, आणि दात्यांमध्येही एक्स्ट्रॅक्टरच्या (रिकामी केस ओढून काढणारा आकडा) शेजारचे दोन आधी. मूळ मिलिटरी स्पेकमध्ये कार्पेंटर १५८ नावाचं स्टील आहे, हल्ली बरेच जण ९३१० वापरतात. नेटवर यावरून लोक भांडतात. मला विचाराल तर ९३१० हे गिअरचं उत्तम स्टील आहे, दोन्ही केस हार्डनिंगचीच (वरचा थर कडक, आतला गाभा चिवट) स्टील, आणि चांगलं ९३१० वाईट भट्टीत घातलं तर ते कार्पेंटरपेक्षा वाईट आणि चांगल्या भट्टीत घातलं तर काही कमी नाही. मटेरियलचं नाव वाचून निर्णय घेऊ नका. विचारायचं काय, तर बोल्ट जास्त प्रेशरची गोळी उडवून टेस्ट केलाय का आणि त्यानंतर त्याचं मॅग्नेटिक पार्टिकल इन्स्पेक्शन झालंय का (आम्ही ज्याला मॅग्नाफ्लक्स म्हणतो तेच), आणि झालं असेल तर एकेक बोल्टचं की लॉटमधून चार उचलून. एकेक झालेल्या बोल्टवर बहुधा तसा शिक्का असतो. स्वस्त रायफलमध्ये नसेल तर तपासलेला बोल्ट वेगळा मिळतो, रायफलच्या किमतीपुढे तो काहीच नाही, तो आणून ठेवा. फक्त नवीन बोल्ट बसवला की गनस्मिथकडून हेडस्पेस (बंद बोल्ट आणि चेंबर यांच्यातलं अंतर) गेजने तपासून घ्यायचं, हे अजिबात टाळू नका.

दुसरी गोष्ट गॅसची, आणि यात बरेच जण फसतात. बॅरलला एक बारीक भोक असतं, तिथून गॅस नळीतून मागे येतो आणि बोल्ट कॅरियरला (बोल्ट ज्यात बसतो तो मोठा तुकडा) मागे ढकलतो, त्यावरच ही रायफल आपोआप पुढची गोळी भरते. बजेटवाल्या कंपन्यांना माहीत असतं की घेणारा स्वस्तातली, कमजोर गोळी वापरणार, मग ती गोळीसुद्धा चालावी म्हणून बऱ्याचदा ते भोक जरा मोठंच ठेवतात. पहिल्या दिवशी रायफल काहीही घाला, धडाधड चालते, मालक खूश, पण चांगली गोळी घातली की गॅस जास्त, बोल्ट जास्त जोरात मागे आपटतो, लवकर अनलॉक होतो, एक्स्ट्रॅक्टर आणि दात्यांवर दर शॉटला जादा मार. म्हणजे सुरुवातीची जी भरवशाची वागणूक तुम्हाला दिसते तीच पुढे आयुष्य खाते. हे कसं ओळखायचं तर रिकामी केस (उडालेल्या गोळीचं पितळी टरफल) कुठे उडते बघा. उजवीकडे सरळ किंवा थोडी मागे पडत असेल तर ठीक, दर वेळी जोरात पुढे, घड्याळात एक-दोन वाजल्याच्या दिशेला फेकत असेल तर गॅस जास्त आहे समजायचं, जरा जड बफर (स्टॉकमधला, कॅरियरचा धक्का झेलणारा तुकडा) टाकून बराच आराम पडतो. आणि घेतानाच शक्य असेल तर ९ इंची, ज्याला मिड-लेंथ म्हणतात ती गॅस सिस्टीम घ्या, १६ इंची बॅरलवर ७ इंचीपेक्षा ती सौम्य चालते.

तिसरं डोळ्यांनी दिसणारं आणि फुकट. कॅरियरच्या वर गॅस की नावाचा तुकडा दोन स्क्रूंनी बसवलेला असतो, त्या स्क्रूंच्या डोक्यात बाजूचा धातू पंच मारून दाबलेला हवा, त्याला स्टेकिंग म्हणतात. मागे स्टॉकजवळ कॅसल नट असतो, त्यालाही तसंच. मेव्हण्याच्या रायफलमध्ये गॅस कीवर पंचची नुसती खूण होती, धातू स्क्रूपर्यंत पोचलाच नव्हता. दोनेक हजार राउंडनंतर ती मधूनमधून अडकायला लागली होती आणि तो बिचारा मॅगझिन (गोळ्यांची पेटी) बदलून बदलून थकला होता, शेवटी गनस्मिथने स्क्रू सैल झालेला दाखवला, गॅस तिथूनच गळत होता. ज्या माणसाने तो पंच मारला त्याचे पाच सेकंद वाचले असतील.

बॅरलबद्दल फार लिहीत नाही. क्रोम लायनिंग असो की नायट्रायडिंग (सॉल्ट बाथवालं आम्ही रोज करतो, चांगली प्रोसेस आहे), साधारण वापरणाऱ्याला दहा-वीस हजार राउंडपर्यंत काळजी नाही. चेंबर (बॅरलमधली गोळी बसायची जागा) ५.५६ या मापाच्या गोळीचं आहे ना एवढं बघा, नुसतं .२२३ चं असेल तर त्यात ५.५६ ची गोळी घालू नये. बॉडीवरचं हार्ड अ‍ॅनोडायझिंग (अ‍ॅल्युमिनियमवरचा कडक थर) बहुतेकांचं ठीकच असतं.

आता टेस्टिंग. लोक रिव्ह्यूमध्ये लिहितात 'दहा वर्षं झाली, एकदाही प्रॉब्लेम नाही' आणि विचारलं तर एकूण चारशे गोळ्या झाडलेल्या असतात. या वस्तूचं वय वर्षांत मोजायचंच नाही, राउंडमध्ये मोजायचं. आम्हा क्वालिटीवाल्यांचा एक साधा हिशोब आहे, तीनचा नियम, म्हणजे एकही फेल न होता जेवढे शॉट झाले त्या आकड्याने ३ ला भागायचं. १०० शॉट विनातक्रार गेले तर ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की अडकण्याचं प्रमाण ३ टक्क्यांच्या आत आहे. ३०० गेले तर १ टक्का, आणि १ टक्का म्हणजे शंभरात एकदा अडकणं, ते काही भारी नाही. म्हणून पहिले ५०० तरी एकाच चांगल्या गोळीने, तीन मॅगझिनवर नंबर टाकून, आणि प्रत्येक अडकणं वहीत लिहून. एकाच नंबरच्या मॅगझिनवर अडकत असेल तर रायफल निर्दोष, मॅगझिन बदला, बहुतेक वेळा दोषी तेच निघतं. पण हे ५०० राउंड फक्त सुरुवातीचे दोष दाखवतात, जे वॉरंटीत जातात. झिजेबद्दल ते काहीच सांगत नाहीत. झिजेचं ऐकायचं असेल तर जवळच्या रेंजवर भाड्याने रायफली देणारा काउंटर असतो तिथल्या माणसाला गाठा, त्याच्या रायफली हजारो राउंड रोजच्या रोज मार खातात, त्याला विचारा कुठल्या कंपनीचं काय तुटलं, दुकानदारापेक्षा तो खरं बोलेल.

आणि डिझाइनला सगळं श्रेय किंवा दोष देऊ नका. हीच रायफल एम-१६ म्हणून व्हिएतनाममध्ये गेली तेव्हा १९६६-६७ मध्ये इतकी अडकली की सैनिक मेले, अमेरिकन काँग्रेसची चौकशी बसली. कारणं काय निघाली तर गोळीतली दारू बदलली होती, चेंबरला क्रोम नव्हतं, आणि साफसफाईची किटच पुरेशी दिली नव्हती. क्रोम आलं, किट आल्या, शिकवलं, आणि तीच रायफल पुढे अनेक दशकं चालली.

त्यामुळे दादाला सांगा तेल लाव. ही रायफल थोडी ओली चाललेली बरी, कोरडी नको. आमच्याकडे ऐरोलीच्या खाडीचा वारा येतो, तपासून झालेला जॉब रात्रभर बिनतेलाचा राहिला तर सकाळी लाल होतो, ह्यूस्टनची हवा मला तशीच वाटली. दर साफसफाईला बोल्टवर भिंग धरून कॅम पिनचं भोक आणि दात्यांची मुळं ही दोन ठिकाणं बघायची, पाच हजार राउंडनंतर तर न चुकता. बोल्टवरच्या गॅस रिंगा (गॅस गळू न देणाऱ्या कड्या) तपासायला बोल्ट पूर्ण बाहेर ओढून कॅरियर बोल्टच्या तोंडावर उभा करायचा, कॅरियर स्वतःच्या वजनाने खाली बसला तर रिंगा बदला. एक्स्ट्रॅक्टर स्प्रिंग आणि बफर स्प्रिंग तुटायची वाट बघू नका, पाच-सहा हजाराला बदलून टाका, दोन्ही स्वस्त आहेत. घरात पोरं असतील तर कुलपातच, हे सांगायला नको पण सांगतो.

रायफल घेतली की दादाला गॅस कीचे दोन्ही स्क्रू, कॅसल नट आणि बोल्टचं तोंड यांचे उजेडात, जवळून फोटो काढायला सांगा आणि इथेच खाली टाका, मी बघून सांगेन.