समुद्र होता तिथे गाडी थांबव

चि. रायडरास,
अनेक आशीर्वाद.

तुझा तुर्कस्तानचा आराखडा पाहिला. इस्तंबूल, कापादोकिया, नेमरुत, गोबेक्ली तेपे, पामुक्काले, इफेसस, आणि हे सगळं दहा दिवसांत. एक्सेल शीट रंगीबेरंगी आणि सुरेख झालीय, प्रवास मात्र होणार नाही. इफेसस ते गोबेक्ली तेपे एवढंच अंतर हजार किलोमीटरहून जास्त आहे. तू ते मरमर करून कापणार, दुपारच्या भगभगीत उन्हात पोचणार, हेल्मेट काखेत धरून एक फोटो काढणार आणि उजेड आहे तोवर पुढच्या मुक्कामाला लागणार. असे फोटो आपल्या ग्रुपवर ढिगाने येतात. मागे कमान, पुढे गाडी, गाडीला टेकून मालक. कमान कुठली म्हणून विचारलं की मालकच गुगल उघडतो.

माझं ऐकशील तर पूर्वेकडचं सगळं खोडून टाक. इझमीरला उतर, तिथेच गाडी भाड्याने घे आणि एजियन किनाऱ्यावरच्या दोन नद्यांच्या खोऱ्यांत फिर. धाकटी मेंदेरेस आणि थोरली मेंदेरेस. इफेसस, प्रिएने, मिलेटस, डिडिमा आणि बाफा सरोवराकाठचं हेराक्लिया, बस्स. इफेससला लागून असलेल्या सेल्चुक गावापासून डिडिमापर्यंत जेमतेम शंभर किलोमीटर भरतील. सकाळी लोणावळ्याला नाश्ता करून परत येणाऱ्या तुम्हा मंडळींना हे अंतर थट्टेचं वाटेल. वाटू दे.

डिडिमाचं देऊळ सोडलं तर या ठिकाणांना बांधणारी गोष्ट एकच: इथून समुद्र निघून गेला. नद्यांनी शतकानुशतकं गाळ आणून टाकला, खाड्या बुजल्या, बंदरं कोरडी पडली आणि बंदरावर जगणारी शहरं हळूहळू उठली. बसने येणाऱ्याला हे कळणं अवघड, कारण त्याला दारात उतरवतात आणि दारातूनच परत नेतात. तू मात्र डोंगराच्या कुशीतून उतरून सपाटीवर येशील. वळणं संपतील, रस्ता सुतासारखा सरळ होईल, दोन्ही बाजूंना कापूस लागेल आणि आडवा वारा गाडीला ढकलायला लागेल. त्या सपाटीवर गाडी बाजूला घे आणि चहूकडे बघ. तू खाडीच्या तळावर उभा असशील.

इफेससला सकाळी दार उघडताच जा, आणि खालच्या दाराने जा. कुशादासीला क्रूझ लागलेली असली की बसगाड्या माणसं वरच्या दाराशी सोडतात आणि तो लोंढा उतारावरून खाली येतो. तो यायच्या आत सेल्ससचं ग्रंथालय गाठ. त्याचं तोंड पूर्वेला आहे, त्यामुळे सकाळचं ऊन थेट खांबांवर पडतं. ही दुमजली दर्शनी भिंत पूर्वी जमीनदोस्त झालेली होती. ऑस्ट्रियाच्या पुरातत्त्वज्ञांनी १९७० ते १९७८ या काळात तिचे तुकडे जुळवून ती पुन्हा उभारली. मुलाने बापाच्या स्मरणार्थ बांधलेली ही वास्तू. खुद्द बाप, म्हणजे सेल्सस हा रोमन अधिकारी, तिच्याखालच्या तळघरात संगमरवरी शवपेटीत ठेवलेला. पुस्तकांच्या खाली थडगं, ही कल्पना मला तरी आवडते.

फोटो काढून झाला की तिथे रेंगाळू नकोस. मोठ्या नाट्यगृहात जितकं वर जाऊ देतील तितकं वर चढ आणि पश्चिमेकडे पाहा. खांबांच्या दोन रांगांमधून एक रुंद फरसबंद रस्ता नाकासमोर जातो. हा बंदराकडे जाणारा राजरस्ता. जहाजातून उतरलेला माणूस याच रस्त्याने शहरात यायचा. रस्ता संपतो तिथे आता बोरूची दलदल आहे आणि समुद्र त्याच्याही पलीकडे पाच-सहा किलोमीटर गेलाय. स्ट्राबो या प्राचीन ग्रीक भूगोलकाराने याची एक मासलेवाईक हकिगत लिहून ठेवलीय. पर्गामनच्या अट्टालस राजाला वाटलं, बंदराचं तोंड अरुंद केलं तर आत पाणी खोल राहील आणि मोठी जहाजं येतील. इंजिनिअरांनीही माना डोलावल्या आणि बांध घातला. झालं उलटंच. पूर्वी भरती-ओहोटीबरोबर गाळ बाहेर तरी जायचा, आता तो आतच अडकून बसायला लागला. दोन हजार वर्षांपूर्वीचं सरकारी काम, दुसरं काय.

तिथला तुझा सगळ्यात मोलाचा फोटो हाच: वरून दिसणारा रस्ता आणि त्याच्या टोकाला नसलेलं बंदर. गाडी त्यात येणार नाही, त्याला इलाज नाही.

तिथून सोकेवरून प्रिएनेला ये. गावातून चढ थोडा आहे, पण गाडी वर नेण्याजोगा. हे शहर डोंगराच्या उतारावर वसलेलं असूनही रस्ते मात्र काटकोनात आखलेले, जिथे उतार आडवा आला तिथे सरळ जिने केले. अथेनाच्या देवळाचे पाच खांब पुन्हा उभे केलेत. त्या देवळाचा स्थपती पिथिओस. हालिकार्नाससच्या प्रसिद्ध समाधीवर काम केलेला हाच. देवळाच्या चौथऱ्यावरून खाली पाहिलंस की पूर्ण मैदान पायाखाली येतं. स्ट्राबोच्या काळातच प्रिएनेपासून समुद्र चाळीस स्टेडिया, म्हणजे सात किलोमीटरच्या आसपास, लांब गेला होता. याआधीचं मूळ प्रिएने कुठे होतं ते अजून सापडलेलं नाही. बहुधा खालच्या गाळातच असावं. इथे गर्दी नसते. पाइनची सावली असते. डबा सोडायला याहून बरी जागा तुला सापडायची नाही.

प्रिएने ते मिलेटस हा टप्पा मात्र सावकाश घे, कारण माझ्या मते सगळ्या प्रवासाचा गाभा या वीसेक किलोमीटरांत आहे. मिलेटस म्हणजे थेलीस या ग्रीक तत्त्वज्ञाचं गाव, एके काळी चार बंदरांचं शहर. आज समुद्र आठ-नऊ किलोमीटर लांब. नाट्यगृह अजून दणदणीत उभं आहे. त्याच्या माथ्यावर जाऊन पश्चिमेला नजर टाकलीस तर सपाट शेतांत एक बुटकी टेकडी दिसेल. ती लाडे. इसवी सनापूर्वी ४९४ मध्ये ते बेट होतं आणि त्याच्या आसपासच्या पाण्यात आयोनियन ग्रीकांचं आरमार आणि पर्शियनांचं आरमार एकमेकांना भिडलं. ग्रीक हरले आणि मिलेटस धुळीला मिळालं. आज त्या रणांगणावर ट्रॅक्टर चालतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गेलास तर कापसाने खच्चून भरलेल्या ट्रॉल्या रस्त्याने जाताना दिसतील आणि कडेच्या गवताला बोंडातला कापूस चिकटलेला असेल. गाडी लाव, हातात कापूस घे आणि त्या टेकडीकडे बघत जरा थांब. मला तिथे जे वाटलं ते सांगून तुझा अनुभव उष्टा करत नाही.

नाट्यगृहावरून उतरून सिंहाच्या बंदरापाशीही जाऊन ये. बंदराच्या तोंडाशी बसवलेले संगमरवरी सिंह चिखलात रुतलेले आहेत. पावसाळी दिवसांनंतर तिथे पाणी साचतं, बेडूक ओरडतात आणि डास फोडून काढतात. डासांचं हसण्यावारी नेऊ नकोस. शेजारच्या मायुस नावाच्या शहराची खाडी गाळाने तुटून तिचं डबकं झालं, तेव्हा डासांना कंटाळून लोक देवांच्या मूर्तींसकट उठून मिलेटसला राहायला आले, असं पॉसेनियास हा प्राचीन ग्रीक प्रवासवर्णनकार सांगतो.

आता एक कामाची गोष्ट. उन्हात डांबर आणि कडेची माती मऊ होते, साइड स्टँड रुततो. आपण इथे काय करतो, पायाने एखादा चपटा दगड सरकवतो. तिथे ते चुकूनही करू नकोस. तो दगड कुणाच्या तरी देवळाचा असू शकतो, आणि तुर्कस्तानात जुन्या वस्तूंचा कायदा भयंकर कडक आहे. आठवण म्हणून खिशात घातलेल्या खापराच्या तुकड्यावरून विमानतळावर अटक झालेले पर्यटक आहेत. बॅगेत प्लॅस्टिकची एक जाड चकती टाक, तिचं वजन काहीच नाही. ड्रोनचं नावही काढू नकोस. परवानग्यांच्या मागे लागशील तर सुट्टी संपेल.

डिडिमाला मुक्काम कर, म्हणजे संध्याकाळ हाताशी राहील. अपोलोचं हे देऊळ कित्येक शतकं बांधत होते आणि तरी ते पुरं झालं नाही. तीन खांब अजून उभे आहेत, वीस मीटरच्या घरातले. एक आडवा पडलाय, त्याच्या चकत्या काकडी कापून ठेवावी तशा एकावर एक कलंडलेल्या. लोक याच खांबांचे फोटो काढतात. तू बोगद्यासारख्या अंधाऱ्या वाटेने आतल्या मोठ्या चौकात उतर आणि भिंतींच्या खालच्या भागाजवळ नाक ने. ऊन तिरपं असेल आणि नशीब बरं असेल तर केसाएवढ्या बारीक रेघा दिसतील. सरळ, वक्र, कंपासने मारलेल्या. पाथरवटांनी भिंतीवरच कोरलेले हे देवळाचे नकाशे. खांब मध्ये किती फुगवायचा याचं गणितसुद्धा त्यात आहे. काम पूर्ण झाल्यावर भिंत घासून ते पुसले गेले असते. काम पूर्णच झालं नाही, म्हणून राहिले. १९७९ मध्ये लोथार हासेलबर्गर या संशोधकाच्या ते लक्षात आलं, तोवर सगळे शेजारून चालत जात होते. मोबाइलचा फ्लॅश मारू नकोस, समोरून उजेड टाकला की रेघा मरतात.

शेवटचा दिवस बाफासाठी ठेव. सरोवर दिसतं, पण तेही मूळचं समुद्राचं आखात. गाळाने तोंड बंद केलं आणि पाणी आत कोंडलं. काठावरचं कापिकिरि हे गाव हेराक्लियाच्या अवशेषांतच वसलंय. तटाच्या भिंतीला टेकून गोठे आहेत, जुन्या चौकाच्या आसपास कोंबड्या फिरतात. लेस आणि रुमाल विकणाऱ्या बायका पाठी लागतील. त्यांचे फोटो घ्यायचे तर आधी विचार, आणि एखादा रुमाल घेऊन टाक. घासाघीस करायची हौस दुसरीकडे भागव.

गाडी चालवण्याबद्दल तुला शिकवायला नको, तरी दोन शब्द. तिथे उजवीकडून चालायचं. हे भर रस्त्यात विसरत नाही कुणी; विसरायला होतं ते पंपावरून किंवा चहा पिऊन निघताना, रस्ता मोकळा असतो तेव्हा. टाकीवर बाण काढलेली चिकटपट्टी लाव, हसणाऱ्यांना हसू दे. आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना घेताना त्यात मोटरसायकलचा वर्ग आलाय ना ते खिडकीवरच तपास. प्रवासविम्यात किती सीसीपर्यंतची गाडी चालते हे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. ते वाचल्याशिवाय गाडी बुक करू नकोस.

आणि फोटो ग्रुपवर टाकशील तेव्हा रोज शंभर ओतू नकोस. मोजके टाक, पण प्रत्येकाखाली लिही की तू कुठे उभा होतास, कुठल्या दिशेला तोंड होतं आणि समुद्र कुठे होता. हे त्याच रात्री लिहायचं. परत आल्यावर लिहू म्हटलंस की सगळे खांब सारखे दिसायला लागतात.

नजर बसवायची असेल तर निघायच्या आधी एखाद्या रविवारी पहाटे नालासोपाऱ्याला जाऊन ये. आपलं शूर्पारक, पेरिप्लस या जुन्या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत नाव असलेलं बंदर. अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा तिथे सापडला आणि १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी बुरुड राजाच्या कोटातला स्तूप उकरला. तो स्तूप बघ, मग गाडीवरूनच शोध की जहाजं नेमकी कुठून आत येत असतील. इमारतींच्या गर्दीत ते सोपं नाही. जे सापडेल त्याचे फोटो मला आधी पाठव, मग आपण इझमीरच्या तारखा ठरवू.

तुझा,
काका