‘खरी श्रद्धा व निष्ठा’: शपथेतली निष्ठा नेमकी कशावर?

प्रश्न असा आहे: मंत्री आणि आमदार शपथ घेताना ‘भारताच्या संविधानाबद्दल मी खरी श्रद्धा व निष्ठा बाळगीन’ असे म्हणतात. श्रद्धा आणि निष्ठा एकाच अर्थाचे शब्द आहेत का? असतील तर दोन्ही कशाला? आणि पुढाऱ्यांबद्दल लिहिताना देशभक्त, देशनिष्ठ, संविधाननिष्ठ हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात का?

निष्ठा हा शब्द ‘नि’ आणि ‘स्था’ यांपासून झाला. मूळ कल्पना घट्ट उभे राहण्याची, जागा न सोडण्याची. श्रद्धा म्हणजे ‘श्रत्’ अधिक ‘धा’, विश्वास ठेवणे. श्रद्धा मनात असते, तिचा दाखला कोणी मागत नाही. निष्ठा मात्र आचरणात दिसावी लागते आणि अडचणीच्या वेळीच तिची परीक्षा होते. तेव्हा दोन्ही शब्दांचा अर्थ एकच नाही.

मग शपथेत ही जोडी कुठून आली? संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीतल्या इंग्रजी मसुद्यात ‘ट्रू फेथ अँड अलीजन्स’ असे शब्द आहेत. ‘अलीजन्स’ हा सरंजामी काळातला शब्द, प्रजेने किंवा सरदाराने आपल्या धन्याशी ठेवायची बांधिलकी. त्याला निष्ठा हा प्रतिशब्द नेमका बसला. ‘फेथ’चे दोन अर्थ आहेत: देवाधर्मावरचा विश्वास आणि दिल्या शब्दाला जागणे. शपथेत दुसरा अर्थ अभिप्रेत आहे असे मला वाटते, आणि त्याचा पुरावा शपथेतच सापडतो. मंत्र्याच्या शपथेत पुढे ‘माझी कर्तव्ये निष्ठापूर्वक व शुद्ध बुद्धीने पार पाडीन’ असे येते. तिथला ‘निष्ठापूर्वक’ हा ‘फेथफुली’चा अनुवाद आहे. म्हणजे एकाच शपथेत ‘फेथ’ एकदा श्रद्धा झाला आणि एकदा निष्ठा.

खरे तर आपल्याकडे या अर्थाचा रुळलेला शब्द होता, इमान. अरबीत इमान म्हणजे धर्मश्रद्धा. मराठीत आल्यावर त्याने वेगळी वाट धरली आणि तो दिल्या शब्दाशी, खाल्ल्या मिठाशी जोडला गेला. बेइमान, इमानेइतबारे, इमानी माणूस या सगळ्यांत देवधर्म कुठेच नाही. ‘संविधानाशी इमान राखीन’ हे वाक्य गावच्या चावडीवरही कळले असते. हिंदीतही ‘सच्ची श्रद्धा और निष्ठा’ अशीच जोडी आहे, त्यामुळे शपथ बदला असे मी म्हणत नाही. पण ‘श्रद्धा’ ऐकून कोणी संविधानापुढे फुले वाहण्यापुरते थांबू नये, म्हणून हा अर्थ माहीत असलेला बरा.

या शब्दांचा इतिहास आयर्लंडमधून जातो. ब्रिटन आणि आयरिश स्वातंत्र्यवादी यांच्यातल्या १९२१ च्या अँग्लो-आयरिश करारात आयरिश संसदेच्या सदस्यांसाठी एक शपथ होती. त्यात ‘कायद्याद्वारे प्रस्थापित’ संविधानाशी ‘ट्रू फेथ अँड अलीजन्स’, आणि लगेच पुढे ब्रिटनचे राजे पाचवे जॉर्ज व त्यांचे वारस यांच्याशी प्रामाणिक राहण्याचे वचन होते. राजाच्या त्या उल्लेखावरून आयरिश स्वातंत्र्यसैनिकांत कायमची फूट पडली. १९२२-२३ च्या यादवी युद्धात कालचे सोबती एकमेकांवर गोळ्या झाडत होते, आणि त्यामागच्या प्रमुख कारणांत ही शपथ होती. १९२७ मध्ये शपथेला विरोध करणाऱ्या गटाचे नेते इमॉन डी व्हॅलेरा यांनी संसदेत बसण्यासाठी शपथेच्या नोंदवहीत सही केली, पण आपण शपथ घेत नसल्याचे सांगूनच. १९३३ मध्ये ती शपथ रद्द झाली. आपल्या १९५० च्या संविधानातल्या शपथेत कायद्याद्वारे प्रस्थापित संविधानाची तीच शब्दयोजना आहे, आणि राजा पूर्णपणे गेलेला आहे. निष्ठेसमोर कोणतीही व्यक्ती उरलेली नाही, हे मला या शपथेचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य वाटते.

आजच्या शपथेत त्यानंतर ‘भारताची सार्वभौमता व एकात्मता उन्नत राखीन’ असे वाक्य येते. ते १९५० मध्ये नव्हते. द्रविडनाडूच्या, म्हणजे दक्षिणेत वेगळ्या देशाच्या, मागणीमुळे फुटीरतेची चर्चा तापली असताना १९६३ च्या सोळाव्या घटनादुरुस्तीने ते घातले गेले, आणि निवडणूक लढवणाऱ्या उमेदवारालाही तशी शपथ घेणे बंधनकारक झाले. ही मागणी करणाऱ्या द्रमुक या तमिळ पक्षाने त्याच सुमारास ती सोडली. म्हणजे पहिली तेरा वर्षे आपले मंत्री आणि खासदार निष्ठेची शपथ घेत होते ती फक्त संविधानाच्या नावाने. देशाच्या अखंडतेचा उल्लेख नंतर आला, तोही निष्ठेच्या शेजारी वेगळे वचन म्हणून. निष्ठेचा विषय बदलला नाही.

निष्ठा या शब्दाला विषय लागतोच. निष्ठा कशावर, कोणावर, कशाबद्दल, हे सांगितल्याशिवाय तो अपुरा आहे. आपल्या राजकीय मराठीने नेमका हा विषयच गाळला. तिकीटवाटपाच्या दिवसांतले मथळे आठवा: ‘निष्ठावंतांना डावलले’, ‘आयात उमेदवारांना संधी, निष्ठावंत नाराज’. इथे निष्ठावंत म्हणजे पक्षाला, बहुतेक वेळा एका नेत्याला धरून राहिलेला कार्यकर्ता. कशावरची निष्ठा हे कोणी लिहीत नाही, कारण ते गृहीत धरलेले असते. पक्षाशी प्रामाणिक राहण्यात वाईट काही नाही. १९६७ मध्ये हरियाणातल्या आमदार गया लाल यांनी पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला, त्यावरून ‘आयाराम-गयाराम’ आपल्या भाषेत आले, आणि १९८५ मध्ये बावन्नाव्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदी, आली. पण एकाच संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत आमदार संविधानाला निष्ठा वाहतो आणि दहाव्या अनुसूचीत पक्षादेश मोडला तर त्याची आमदारकी जाऊ शकते. अपात्रतेची तलवार दुसऱ्या बंधनाला आहे, पहिल्याला तशी नाही. म्हणून तर पहिली निष्ठा शब्दांत तरी स्पष्ट राहिली पाहिजे, असे मला कळकळीने वाटते.

भक्ती हा शब्द त्याहून वेगळा. भक्तीत समर्पण आहे, प्रश्न विचारणे नाही. डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात सांगितले होते की धर्मात भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असू शकेल, पण राजकारणात भक्ती किंवा विभूतिपूजा हा अधोगतीचा आणि शेवटी हुकूमशाहीचा हमखास मार्ग आहे. तो रोख व्यक्तिपूजेवर होता, देशप्रेमावर नव्हे. त्यामुळे ‘देशभक्त’ हा शब्द टाकून द्यायची गरज नाही. टिळकांच्या पिढीने तो तुरुंगवास सोसून कमावला आहे. पण एखाद्या मंत्र्याला देशभक्त म्हटले म्हणजे तो संविधाननिष्ठ आहे असे आपोआप ठरत नाही. समता, बंधुता, व्यक्तीची प्रतिष्ठा ही मूल्ये पायदळी तुडवणारा माणूसही झेंड्यावर मनापासून प्रेम करत असू शकतो. देशनिष्ठ माणूस देशाशी द्रोह करत नाही. संविधाननिष्ठ माणूस त्याशिवाय न्यायालयाचा प्रतिकूल निकाल पाळतो, विरोधकाला सभागृहात बोलू देतो, मुदत संपली की खुर्ची सोडतो. हे तीन शब्द एकमेकांच्या जागी घालू नयेत.

लिहिताना एवढे करता येईल: नुसते ‘निष्ठावंत आमदार’ न लिहिता ‘पक्षनिष्ठ आमदार’ किंवा ‘अमुक नेत्याचे निष्ठावंत’ असे लिहावे. आणि शुद्धलेखनाचा मुद्दा: शब्द ‘संविधाननिष्ठ’ आहे, दोन ‘न’ असलेला. ‘संविधानिष्ठ’ असे सर्रास छापले जाते, ते चूक आहे. ‘बाळगीन’ आणि ‘बाळगेन’ यांतले शपथेतले रूप ‘बाळगीन’. बोलण्यात आज ‘बाळगेन’ अधिक ऐकू येते आणि त्यात वावगे काही नाही, पण शपथ उद्धृत करताना मूळ रूपच ठेवावे.