टेक्ससच्या विमा एजंट लायसन्सचे २४ तास: हिशोब कसा ठेवायचा

नमस्कार. तुम्ही एक प्रश्न विचारलात, पण आत चार-पाच दडलेत, म्हणून उत्तर लांबणार. तुमची परिस्थिती मला समजली ती अशी: राहता डॅलसजवळ, टेक्ससची लाइफ-हेल्थ आणि प्रॉपर्टी-कॅज्युअल्टी अशी दोन्ही जनरल लाइन्स लायसन्स मागच्या वर्षी काढलीत, ओळखीच्या लोकांसाठी न्यू जर्सी आणि फ्लोरिडाचं नॉन-रेसिडेंट (तिथे न राहणाऱ्या एजंटचं) लायसन्सही घेतलंत. आता ऑफिसात एक जण म्हणतो सीईचे (लायसन्स टिकवण्यासाठी दर मुदतीत करायचं शिक्षण) २४ तास पुरे, दुसरा म्हणतो प्रत्येक राज्याचे वेगळे. एएचआयपीचा (मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याच्या योजना विकण्यासाठीचा कोर्स) अभ्यास केलात तो यात धरायचा का, हिशोबाला कुठलं अॅप घ्यायचं, आणि न्यू जर्सीत एडिसनला बिऱ्हाड हललं तर काय, हेही विचारलंय. सांगलीला वडील एलआयसीचे एजंट होते, त्यांच्यामागे ही कटकट नव्हती, असा एक टोमणाही आहे.

वडिलांचं आधी. त्यांच्यामागेही होती. भारतात एजंटचं लायसन्स तीन वर्षांचं असायचं आणि नूतनीकरणाआधी २५ तासांचं प्रशिक्षण लागायचं. विमा कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली, त्यानंतर एजंटची नेमणूक थेट विमा कंपनीच करू लागली आणि ते नूतनीकरण गेलं. बहुधा त्यांचं शाखेतल्या कोणीतरी बघितलं असेल. इथे तसं कोणी बघत नाही, आणि बघतो म्हणालं तरी भरवसा ठेवू नका. लायसन्स तुमच्या नावावर आहे, एजन्सीच्या नाही.

आता मूळ हिशोब. टेक्ससला दर दोन वर्षांच्या मुदतीत २४ तास सीई लागतं, त्यातले ३ तास एथिक्सचे. दोन लायसन्स आहेत म्हणून ४८ होत नाहीत, दोन्ही मिळून २४च. तास म्हणजे घड्याळाचा पूर्ण तास नाही, ५० मिनिटांचा. आणि निम्मे तास, म्हणजे १२, क्लासरूम किंवा क्लासरूमच्या बरोबरीच्या प्रकारातले हवेत. लाइव्ह वेबिनार त्यात बसतो, नुसती पीडीएफ वाचून शेवटी परीक्षा देणारा सेल्फ-स्टडी बसत नाही. नवीन लोक अडकतात ते इथेच. स्वस्तातलं २४ तासांचं पॅकेज घेतात, दोन वीकएंडांत संपवतात, आणि रिन्युअलच्या वेळी कळतं की एकूण भरलंय पण प्रकार भरला नाही. म्हणून पॅकेज घेताना एथिक्स किती आणि क्लासरूम किती हे दोनच आकडे बघा. जाहिरातीतला ‘कम्प्लीट’ हा शब्द सोडून द्या.

राज्यांचं भांडण सोपं आहे, आणि दोघेही अर्धे बरोबर आहेत. सीई फक्त घरच्या राज्याचं. टेक्ससचं पूर्ण असेल तर न्यू जर्सी आणि फ्लोरिडा तुमच्याकडून वेगळे तास मागत नाहीत. राज्यांनी एकमेकांचं मानायचं, हा नियम आता देशभर रुळलेला आहे. पण तास माफ म्हणजे रिन्युअल माफ नव्हे. न्यू जर्सीच्या लायसन्सला स्वतःची मुदतीची तारीख आहे, स्वतःची फी आहे, आणि ती एनआयपीआरवरून (लायसन्सचे अर्ज आणि फी भरायचं देशव्यापी पोर्टल) तुम्हालाच भरायची आहे. फ्लोरिडाच्या लायसन्सला अशी रिन्युअलची तारीख नसते, ते कंपन्यांच्या अपॉइंटमेंटवर (कंपनीने तुमची एजंट म्हणून केलेली नेमणूक) टिकतं. उलट बाजूही लक्षात ठेवा. टेक्ससचं पडलं की बाकीच्या दोघांचा पायाच जातो, कारण ती दोन्ही टेक्ससच्या जोरावर उभी आहेत.

एएचआयपी, कंपनीचं ट्रेनिंग, सरकारी ट्रेनिंग या सगळ्याला लोक सरसकट सीई म्हणतात आणि तिथून घोळ सुरू होतो. मी माझ्यासाठी तीन खाती पाडली आहेत. पहिलं राज्याचं, म्हणजे वरचे २४ तास.

दुसरं प्रॉडक्टचं. अमुक विकायचं तर आधी तमुक शिका. अ‍ॅन्युइटी (पैसे भरून पुढे ठरावीक उत्पन्न देणारी योजना) विकायची तर बहुतेक राज्यांत चार तासांचा एकदाचा कोर्स, आणि २०२० साली ग्राहकाच्या हिताचे नियम कडक झाल्यावर जुन्या लोकांनाही पुरवणी करावी लागली. काही राज्यं त्यावर दर मुदतीत आणखी तास मागतात, तेव्हा अ‍ॅन्युइटीला हात लावण्याआधी टेक्ससच्या विमा खात्याच्या साइटवर आजची स्थिती वाचा. लाँग टर्म केअरच्या (दीर्घकाळच्या देखभालीचा विमा) पार्टनरशिप, म्हणजे राज्याच्या योजनेशी जोडलेल्या पॉलिसींना आधी आठ तास आणि मग दर दोन वर्षांनी चार. सरकारी पूरविमा विकणाऱ्याला तीन तासांचा एक कोर्स, तो २००४ च्या कायद्यामुळे आला. यातले बरेच कोर्स राज्याच्या २४ मध्येही मोजले जातात, म्हणजे एका कोर्सवर दोन्ही कामं होतात. पण ते झालेले नसताना अर्ज पाठवलात तर २४ तास भरलेले असूनही कंपनी अर्ज परत करते.

तिसरं खातं कंपन्यांचं आणि केंद्र सरकारचं. मेडिकेअर अ‍ॅडव्हांटेजसाठी (मेडिकेअरचे खासगी कंपन्यांमार्फतचे प्लॅन) एएचआयपी दरवर्षी, ९० टक्के मिळवायचे, तीन प्रयत्न. १५ ऑक्टोबरला नोंदणी सुरू होते, त्याआधी हे संपलेलं हवं. टेक्सस हेल्थकेअर डॉट गव्ह हा केंद्र सरकारचा आरोग्य विम्याचा मार्केटप्लेस वापरतं, म्हणून मार्केटप्लेसचे प्लॅन विकायचे तर त्यांचं वार्षिक ट्रेनिंग आणि नोंदणीही आली. मनी लाँडरिंगविरोधी ट्रेनिंग लाइफ कंपन्या मागतात, तुमच्या इनबॉक्सात त्याच्या आठवणी येतच असतील. व्हेरिएबल (बाजारातल्या गुंतवणुकीवर चढउतार होणाऱ्या) प्रॉडक्टसाठी सिक्युरिटीजचं लायसन्स काढलंत तर फिनराचा, म्हणजे सिक्युरिटीज दलालांच्या नियामक संस्थेचा, रेग्युलेटरी एलिमेंट हा सक्तीचा कोर्स, तो २०२३ पासून दरवर्षी ३१ डिसेंबरच्या आत. हे सगळं करायलाच हवं, पण यातलं काहीही आपोआप राज्याच्या खात्यात जमा होत नाही. एएचआयपीवर जादा पैसे भरून सीई क्रेडिट घेता येतं. तसं घेतलं असेल आणि ते राज्याला कळवलं गेलं असेल तरच धरा. नुसतं पास झाल्याचं सर्टिफिकेट या कामासाठी कागदाचा तुकडा आहे.

आता मुख्य गोष्ट, मोजायचं कशावर. अ‍ॅप विचारलंत, पण तशी गरज मला कधी वाटली नाही. खरा हिशोब एकच, तो म्हणजे राज्याच्या नोंदीतलं तुमचं ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे पूर्ण केलेल्या कोर्सांची यादी. टेक्ससचं ते सिरकॉन या वेबसाइटवर दिसतं, एनपीएन (एजंटचा देशभर एकच असलेला) नंबर टाकला की झालं. तुमच्या फोल्डरमध्ये पाच सर्टिफिकेटं असोत, ट्रान्सक्रिप्टवर चारच दिसत असतील तर तुमचे कोर्स चारच. कोर्स संपल्यावर राज्याला कळवायचं काम प्रोव्हायडरचं, म्हणजे कोर्स देणाऱ्या संस्थेचं असतं, आणि त्याला काही दिवस लागतात. मधे गोष्टी निसटतात. नंबर चुकीचा टाकला जातो, लग्नानंतर बदललेलं नाव जुळत नाही, वेबिनारमध्ये हजेरीच्या पॉप-अपवर क्लिक राहून जातं आणि तास मिळतच नाहीत. आमच्या ओळखीतल्या एकीचे तास दुसऱ्याच कोणाच्या खात्यात गेले होते. प्रोव्हायडरने दुरुस्त केले, पण ते तिने वेळेवर पाहिलं म्हणून.

त्यामुळे एक साधं स्प्रेडशीट करा. कोर्सचं नाव, राज्याने दिलेला कोर्स नंबर, प्रोव्हायडर, संपल्याची तारीख, तास, प्रकार म्हणजे एथिक्स की साधा, क्लासरूम की सेल्फ-स्टडी, सर्टिफिकेटची फाइल कुठे आहे. आणि शेवटचा रकाना: ट्रान्सक्रिप्टवर कधी दिसला. हा रकाना भरेपर्यंत कोर्स झाला असं मी धरत नाही. महिना उलटून गेला आणि रकाना रिकामाच असेल तर प्रोव्हायडरला ईमेल, सर्टिफिकेट जोडून. फोन नको. पुढे गरज पडलीच तर लिहिलेलं दाखवता येतं. कोर्स नंबर का, तर एकाच मुदतीत तोच कोर्स पुन्हा केला तर क्रेडिट मिळत नाही, आणि प्रोव्हायडर तोच कोर्स नव्या नावाने विकायला कमी करत नाहीत. सर्टिफिकेटं मुदत संपली म्हणून उडवू नका, मागच्या मुदतीचीही ठेवा. ऑडिट मागे बघूनच होतं.

तारखांचं म्हणाल तर मुदत संपायच्या तीन महिने आधी सगळं ट्रान्सक्रिप्टवर दिसलं पाहिजे, असं धरून चाला. सोळाव्या-सतराव्या महिन्यात निम्मं झालेलं असावं. मुदतीची तारीख बऱ्याच राज्यांत जन्ममहिन्याशी बांधलेली असते. तुमची लायसन्सवर बघून घ्या आणि टेक्सस आणि न्यू जर्सीच्या तारखा फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका, नव्वद दिवस आधीच्या आठवणीसह. राज्याच्या विमा खात्याकडे तुमचा ईमेल जुना असेल तर रिन्युअलची सूचना त्या जुन्या पत्त्यावर जाऊन पडते. नोकरी बदलताना ऑफिसचा ईमेल दिलेला असणं हे याचं नेहमीचं कारण. तिथे स्वतःचा पत्ता द्या.

राहिलं तर काय होतं? टेक्ससमध्ये कमी पडलेल्या प्रत्येक तासाला ५० डॉलर दंड. अख्खे २४ राहिले तर १,२०० डॉलर. मुदत संपून ९० दिवसांच्या आत असाल तर उशिराची फी भरून रिन्यू होतं, पण मधल्या काळात धंदा करता येत नाही. नव्वद दिवस गेले की नव्याने अर्ज, आणि वर्ष उलटलं की पुन्हा परीक्षा. दंड परवडतो, असं म्हणणारे भेटतील. त्यांनी मधल्या काळात गमावलेला धंदा आणि कंपन्यांच्या अपॉइंटमेंट पुन्हा उभ्या करण्याची धावपळ मोजलेली नसते. गंभीर आजार किंवा सैन्यातली ड्यूटी असं खरं कारण असेल तर मुदतवाढ मागता येते, ती मात्र तारखेच्या आधी मागा. आणि सलग २० वर्षं लायसन्स असलेल्यांना टेक्सस सूट देतं. त्याला तुम्हाला अवकाश आहे.

आता थोडं न विचारलेलं. २४ तास करायचेच आहेत तर झोप काढत करू नका. बहुतेक लोक सर्वात स्वस्त आणि सर्वात सोपं ते घेतात, मला तो धंद्यातला तोटा वाटतो. तुम्ही डॅलस भागात घरांचा विमा विकता. इथे गारपीट हा वर्षाचा सण आहे. वारा आणि गारांचं डिडक्टिबल बहुतेक पॉलिसींत डॉलरमध्ये नसतं, टक्क्यांत असतं. घराचं कव्हर चार लाख आणि डिडक्टिबल दोन टक्के, म्हणजे आठ हजार डॉलर ग्राहकाच्या खिशातून. आपल्या लोकांना हे क्लेमच्या दिवशी कळतं आणि ते एजंटला फोन करतात, कंपनीला नाही. त्यात छप्पर जुनं असेल आणि पॉलिसीत बदलीच्या किमतीऐवजी घसारा वजा करून भरपाई लिहिली असेल तर आणखी भर. होमओनर्स पॉलिसीचं कलमवार वाचन करवणारा एक चांगला वेबिनार घ्या, क्लासरूमचे तासही भरतील. पूरविम्याचा तीन तासांचा कोर्सही लवकर उरका. २०१७ साली हार्वे वादळात ह्यूस्टनला ज्यांची घरं बुडाली त्यातल्या कित्येकांकडे पूरविमा नव्हता, कारण आपलं घर नकाशातल्या धोक्याच्या पट्ट्यात नाही एवढं त्यांना पुरेसं वाटलं होतं. साधी होमओनर्स पॉलिसी पुराचं पाणी धरत नाही आणि सरकारी पूरविम्याला साधारण ३० दिवसांची प्रतीक्षा असते, म्हणजे वादळ टीव्हीवर दिसल्यावर घेऊन उपयोग नाही. हे दोन मिनिटांत सांगता येणारा एजंट लोक लक्षात ठेवतात.

एथिक्सचे तीन तास मात्र कंटाळवाणे असतात, त्याला इलाज नाही. त्यातल्या त्यात खऱ्या शिस्तभंगाच्या केसेस शिकवणारा बघा.

आता एडिसन. हललात की नवा पत्ता बहुतेक राज्यांना ३० दिवसांत कळवावा लागतो, आणि घरचं राज्य बदलतं. न्यू जर्सीचं नॉन-रेसिडेंट लायसन्स रेसिडेंट करून घ्यायला साधारण ९० दिवसांची मुदत असते. ती पाळली तर पुन्हा परीक्षा लागत नाही, चुकवली तर लागू शकते. सीई तिथेही दोन वर्षांत २४ आणि त्यात ३ एथिक्स, पण मुदत न्यू जर्सीच्या तारखेने चालते आणि टेक्ससने मान्य केलेले तास न्यू जर्सीच्या नोंदीत आपसूक उमटत नाहीत. म्हणून पक्कं ठरलं की नवे कोर्स घेताना ते दोन्ही राज्यांत मान्य आहेत का बघा. मोठ्या प्रोव्हायडरांचे बरेच असतात. सामान बांधण्याआधी टेक्ससचं ट्रान्सक्रिप्ट पीडीएफमध्ये उतरवून घ्या. टेक्ससचं लायसन्स नॉन-रेसिडेंट म्हणून ठेवायचं की सोडायचं, हे इथे तुमच्या किती पॉलिसी चालू आहेत त्यावर ठरवा. सोडलंत तर त्या घरांची आणि गाड्यांची रिन्युअलं पुढे कोण बघणार आणि त्याचं कमिशन कोणाकडे, हे एजन्सीकडून लेखी घ्या.