प्रोबेशनवरच्या शिक्षकाला 'काम समाधानकारक नाही' म्हणून चौकशी न करता काढता येतं का?

हो, खासगी शाळेच्या व्यवस्थापनाला तसं काढता येतं, पण नुसतं पत्रात लिहून भागत नाही. महाराष्ट्रातल्या खासगी शाळांच्या 1977 च्या सेवाशर्ती कायद्याचं कलम 5(3) सांगतं की प्रोबेशनच्या काळात काम किंवा वर्तणूक समाधानकारक नसेल, तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार देऊन सेवा संपवता येते. मात्र 1981 च्या नियमावलीतला नियम 15 मुख्याध्यापकांना कामाचं वस्तुनिष्ठ मूल्यमापन करून त्याची नोंद ठेवायला लावतो. सर्वोच्च न्यायालयानेही 2008 मध्ये हे कलम सुटं न धरता या नियमांसोबतच वाचलं. म्हणून आधी कागद मागा: पाठनिरीक्षणाचे शेरे, त्यावरच्या तारखा, तुम्हाला दिलेली लेखी समज. प्रोबेशनच्या दोन वर्षांत एकही शेरा नाही आणि शेवटच्या महिन्यात एकदम 'असमाधानकारक', हे पटण्यासारखं नाही, आणि खरं सांगायचं तर हा अन्यायच आहे.

पत्रात गैरवर्तनाचा ठपका असेल तर मात्र गोष्ट वेगळी. ती शिक्षा ठरू शकते आणि शिक्षेसाठी रीतसर चौकशी लागते. काहीही असो, आदेश हातात पडल्यापासून 30 दिवसांत शाळा न्यायाधिकरणात अपील करा. ही मुदत चुकवू नका.