"मॅडम, मी बरी झाले तर माझा विनोद जाईल का?"

लिहिणारी, स्टेजवर बोलणारी, ग्रुपवर सगळ्यांना हसवणारी माणसं माझ्याकडे मनाच्या उपचारासाठी येतात तेव्हा हा प्रश्न कुठल्या ना कुठल्या रूपात येतोच. इतक्यांदा ऐकलाय की आज लिहूनच टाकते (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत).

ही बाई विनोदी सदर लिहायची. जीभ अशी की पहिल्याच भेटीत नवऱ्यापासून संपादकापर्यंत कोणी सुटलं नाही. झोप उडालेली, लिखाण ठप्प, तरी गोळ्या नकोत. म्हणाली, "डोरोथी पार्कर बघा ना, दुःखी होती म्हणून तर एवढी धारदार."

पार्कर ही अमेरिकन विनोदी लेखिका माझीही आवडती, म्हटलं मग नीटच बघूया. न्यूयॉर्कच्या अल्गोंक्विन हॉटेलात १९१९ पासून लेखक मंडळी दुपारी जेवायला जमायची, तिथले हिचे टोमणे गाजायचे. पण आई गेली तेव्हा ती पाच वर्षांचीही नव्हती, आणि पुढे दारू, नैराश्य, जीव द्यायचे एकाहून जास्त प्रयत्न, त्यावरही विनोद. लिखाण वेळेवर मिळायचं नाही ते वेगळंच. मी विचारलं, "दुःखामुळे लिहिलं म्हणता, मग दुःखामुळे जे लिहायचं राहून गेलं ते कोण मोजणार?"

ती गप्प. मग वडिलांच्या आजारपणावर एक जबरदस्त विनोद टाकला. मी हसले नाही, तिच्याकडे बघत राहिले. "हेच आता विनोद न करता सांगा."

बराच वेळ ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग म्हणाली, "घरात भांडण पेटलं की मी नकला करायचे, बाबा हसले की आई वाचायची." आणि रडली, पहिल्यांदाच. डोळे पुसता पुसता विचारते, "हे वाक्य लिहून घेऊ का?"

त्या क्षणाचं मला आजही समाधान वाटतं. मी आधी बालपणाकडे बघणारी, त्यामुळे मला लगेच दिसलं की तिची नजर तिची स्वतःची आहे, लहानपणापासून घरातल्या प्रत्येकाचा चेहरा वाचून तयार झालेली, दुःखानं फक्त तिला चोवीस तास पहाऱ्यावर बसवलं होतं. पहारा सुटला तरी नजर कुठे जाते?

तर ज्यांना ही भीती वाटते त्यांनी निदान एका माणसासमोर आधी साधं वाक्य बोला, विनोद नंतर करा. गोळ्यांनी बधिर वाटलं तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा, डोस किंवा औषध बदलता येतं, मनानं बंद करू नका. तिनं तसंच केलं, सदर परत सुरू झालंय आणि पूर्वीसारखंच टोचतं.

आणि मित्रमैत्रिणींनो, कोणी स्वतःच्या मरणावर सारखे जोक करत असेल तर हसून सोडून देऊ नका. बाजूला घेऊन सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर हो आलं तर एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे घेऊन जा.