‘मायन’ की ‘माया’? आणि मयासुराचं काय?

विचारणा अशी आहे: मध्य अमेरिकेतल्या त्या प्राचीन लोकांना मराठीत ‘मायन’ म्हणावं की ‘माया’? आणि या नावाचा आपल्या मयासुराशी काही संबंध आहे का?

दुसरं आधी उरकतो. संबंध नाही. मयसभा बांधणारा मय आणि पिरॅमिड बांधणारे माया ही जोडी ऐकायला झकास वाटते, पण एखादा शब्द जुळला म्हणून भाषांची सोयरीक जमत नाही. सोयरीक बघायची तर रोजचे शब्द काढावेत. ग्वातेमालातले किचे लोक एक, दोन, तीन मोजतात ते ‘ख़ुन, केब, ओशिब’. मेक्सिकोतल्या युकातानमध्ये ‘हुन, का, ओश’. माणूस म्हणजे किचेत ‘विनाक’, युकातानच्या भाषेत ‘वीनिक’. या दोघी बहिणी आहेत हे सांगायला पंडित नको, आणि आपल्या संस्कृत-मराठीचं त्यांच्याशी काही जुळत नाही हेही उघड आहे. शिवाय किचेत वीस म्हणजे ‘ख़ुविनाक’, अर्थात ‘एक माणूस’. हातापायाची सगळी बोटं धरली की झाले वीस! त्यांची गणनाच विसाची.

आता ‘मायन’. हा शेवटचा ‘न’ इंग्रजी विशेषणाचा. इंग्रजीतले अभ्यासकही तो बहुधा भाषांपुरताच वापरतात. लोकांना ‘माया’च म्हणतात. मराठीला तो हवाच कशाला? २०१२च्या डिसेंबरात जग बुडवायला निघालेल्या वाहिन्यांनी ‘मायन कॅलेंडर’ आपल्या कानात कोंबलं, एवढंच. माया लोक, माया पंचांग, माया भाषाकुल असं बिनधास्त लिहावं.

खरी खटकणारी गोष्ट विचारणेतल्या ‘प्राचीन’मध्ये आहे. १९९२चं शांततेचं नोबेल मिळालेल्या रिगोबेर्ता मेंचू किचे आहेत. किचे बोलणारेच आज दहा लाखांच्या आसपास भरतील, आणि या कुळातल्या भाषा तिसाच्या घरात आहेत. ‘माया’ हे नाव मूळचं युकातानचं. तिथले लोक आपल्या भाषेला आजही ‘माया’च म्हणतात. ग्वातेमालाच्या डोंगराळ भागातले किचे, काक्चिकेल, माम पूर्वी आपापल्या नावानेच ओळखले जात. सगळ्यांनी मिळून ‘आम्ही माया’ म्हणायला सुरुवात केली ती विसाव्या शतकाच्या अखेरीस. तेव्हा मजकूर एखाद्या समाजाबद्दल असेल, तर सरसकट ‘माया’ न लिहिता त्याचं नाव लिहिणं बरं.

किचे लोकांचं नाव ‘किचे’ असंच लिहावं. स्पॅनिश स्पेलिंग इंग्रजी वळणाने वाचून झालेलं ‘क्विचे’ नको. अर्थात ‘किचे’ही तडजोडच. त्यातला ‘क’ घसा आवळून, झटका देऊन काढायचा असतो, आणि शेवटचा ‘चे’ही घशात तोडायचा. हा झटका शोभेचा नाही: ‘ख़ा’ म्हणजे घर, आणि तोच शब्द शेवटी तोडला की पाणी. मराठी वर्णमालेत त्यासाठी अक्षर नाही, म्हणून शब्दामागे ’ असं चिन्ह द्यावं: ख़ा’.