एफडी मोडून लेकीला ऑनलाइन एमबीए करू द्यावं का?

भांडुपहून एका वडिलांचं पत्र आलंय. ते बेस्टमधून निवृत्त झालेत. मुलगी पंचवीस वर्षांची, बीकॉम. तीन वर्षं फोर्टमधल्या एका कस्टम्स क्लिअरिंगच्या ऑफिसात काम करते, पगार २८ हजार. तिला ऑनलाइन एमबीए करायचंय आणि एका कंपनीतून रोज फोन येतोय: फी १ लाख ९० हजार, आज रात्रीपर्यंत भरली तर २० टक्के सूट, नाहीतर हप्ते पाडून देतो. वडील विचारतात, "घरबसल्या मिळालेली पदवी खरी मानतात का? की नोकरी सोडून दोन वर्षं नीट कॉलेजात जाऊ दे? एफडी मोडायची माझी तयारी आहे."

स. न. वि. वि.

एफडी आत्ता मोडू नका. आज रात्री संपणारी सूटही खुशाल संपू द्या. पुढच्या आठवड्यात तीच सूट नवं नाव घेऊन परत येते, हे मी कितीतरी घरांत पाहिलंय.

आधी तुमची शंका. होय, घरी बसून मिळवलेली पदवी खरी असते. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२० च्या नियमांनुसार मान्यताप्राप्त ऑनलाइन पदवीचा दर्जा वर्गात बसून घेतलेल्या पदवीइतकाच आहे. पण 'मान्यताप्राप्त' हा शब्द फोनवर फार सैल वापरतात. नुसतं विद्यापीठ मान्यताप्राप्त असून भागत नाही. त्याला एमबीए हाच अभ्यासक्रम, ऑनलाइन पद्धतीने, याच सत्रात शिकवायची परवानगी हवी. एखाद्या विद्यापीठाला बीबीएची परवानगी असते आणि एमबीएची नसते, असंही होतं. ही यादी यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या, म्हणजे डीईबीच्या, संकेतस्थळावर आहे. लेकीला शेजारी बसवून ती उघडा. शिवाय २०२४ पासून प्रवेशाआधी विद्यार्थ्याने तिथे स्वतःचा डीईबी आयडी काढावा लागतो आणि त्यासाठी एबीसी आयडी, म्हणजे विद्यार्थ्याच्या श्रेयांकांच्या सरकारी ऑनलाइन खात्याचा क्रमांक, लागतो. हे काम तिनंच करावं. "ओटीपी सांगा, आम्ही करून देतो" असं कोणी म्हणालं तर फोन ठेवून द्यावा.

फोन करणारा मुलगा स्वतःला समुपदेशक म्हणवतो, पण त्याचं काम विक्रीचं आहे. त्याच्यावर चिडू नका, त्यालाही महिन्याचं टार्गेट असतं. त्याला एवढंच विचारा: पदवीवर कुठल्या विद्यापीठाचं नाव येणार आणि फी कुणाच्या खात्यात जमा होणार? विद्यापीठाने आपला ऑनलाइन अभ्यासक्रम फ्रँचायझी देऊन चालवायला यूजीसीची मनाई आहे. उत्तरात 'सर्टिफिकेट', 'एक्झिक्युटिव्ह प्रोग्रॅम', 'एमबीएच्या तोडीचं' असे शब्द आले, तर बहुतेक ती पदवी नाही. २०२४ च्या सुरुवातीला तर 'दहा दिवसांत एमबीए' अशा कोर्सविरुद्ध यूजीसीला जाहीर सूचना काढावी लागली होती.

कागदावर दर्जा सारखा असला तरी एक फरक राहतोच, आणि तो फोनवर कोणी सांगत नाही. जमनालाल बजाजसारख्या संस्थेत प्रवेश मिळावा म्हणून मुलं जिवाचं रान करतात, कारण चर्चगेटच्या त्या इमारतीत कंपन्या नोकऱ्या घेऊन स्वतः येतात. ऑनलाइन एमबीएत तसं फारसं होत नाही. 'प्लेसमेंट असिस्टन्स' म्हणजे बहुतेक वेळा नोकऱ्यांची यादी पाठवणं आणि बायोडेटा नीट करून देणं. म्हणून हातात नोकरी आहे, त्याच क्षेत्रात वर जायचंय आणि पदवीवाचून बढती अडलीय, अशांना ऑनलाइन एमबीए फळतं. पदवी मिळाली की नोकरी लागेल, या आशेवर केलेल्यांची पत्रंही मला येतात. ती वाचवत नाहीत.

तुमच्या पत्रात तुमचं म्हणणं आहे, फोनवाल्याचं आहे, लेकीचं मात्र कुठेच नाही. तिला विचारा, पुढची चार-पाच वर्षं क्लिअरिंगच्याच धंद्यात काढायचीत की बाहेर पडायचंय?

बाहेर पडायचं असेल, बँकेत किंवा मार्केटिंगमध्ये जायचं असेल, तर नोकरी करता करता एमबीएची सीईटी द्यावी. खरोखर चांगलं कॉलेज मिळालं तरच राजीनामा. कुठल्याही कॉलेजसाठी नाही.

याच धंद्यात राहते म्हणाली, तर मला फार आनंद होईल. ती जिथे बसलीय त्या जागेची किंमत तिला कोणी सांगितलेली दिसत नाही. बिल ऑफ एंट्री हा आयातीचा कागद भरणं, मालाला त्याच्या वर्गाचा एचएस कोड लावणं, न्हावा शेवा बंदरात अडकलेला कंटेनर सोडवणं हे तीन वर्षं जवळून पाहिलेली मुलगी एमबीएच्या वर्गात पुष्कळांच्या पुढे असते. पण या धंद्याची स्वतःची शिडी आहे: आधी एच कार्ड, मग परीक्षा देऊन जी कार्ड (ही क्लिअरिंगच्या कर्मचाऱ्यांना कस्टम्सकडून मिळणारी ओळखपत्रं), आणि त्यापुढे कस्टम्स ब्रोकरच्या, म्हणजे स्वतःच्या नावावर क्लिअरिंग करण्याच्या, लायसन्सची परीक्षा, जी नासिन ही कस्टम्सची अकादमी घेते. २०१८ च्या नियमांनुसार त्या परीक्षेसाठी बीकॉमच्या जोडीला एमबीए चालतं, तसाच जी कार्डावरचा दोन वर्षांचा अनुभवही चालतो. म्हणजे ज्या दारासाठी तुम्ही एफडी मोडायला निघालात, ते दार ऑफिसातूनही उघडतं. तिच्याकडे यातलं कुठलं कार्ड आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल तर सोमवारीच तिनं साहेबांकडे विषय काढावा. मी तिच्या जागी असते तर आधी जी कार्डाच्या मागे लागले असते आणि एमबीए त्याच्या जोडीला, ऑपरेशन्स किंवा सप्लाय चेन घेऊन केलं असतं. शिपिंग लाइन किंवा मोठ्या आयातदाराच्या लॉजिस्टिक्स खात्यात मुलाखतीला बसताना या दोन्ही गोष्टी हातात असलेली मुलगी वेगळी दिसते.

अभ्यासाला वेळ कुठून काढायचा हे प्रवेशाआधीच ठरवा. मी स्वतः नोकरी करून संध्याकाळच्या वर्गांना जायचे. कितीही दमले तरी वर्गात शिरलं की घर बाहेर राहायचं. ऑनलाइनला तो उंबरठाच नसतो. भांडुपहून धीम्या लोकलच्या लेडीज डब्यात उभ्याने लेक्चर ऐकता येतं, पण शिकण्यासाठी टेबल लागतं. रोज रात्री दीड तास आणि रविवारचा अर्धा दिवस, तोही दोन वर्षं. नऊ ते साडेदहा टीव्ही बंद आणि त्या वेळेत तिला कुठल्याही कामाला हाक मारायची नाही, एवढं घरात सगळ्यांनी मिळून ठरवा.

परीक्षेचंही विचारून घ्या. असाइनमेंटना फार तर ३० टक्के, बाकी सगळे गुण सत्राअखेरच्या परीक्षेला असतात, आणि अनेक ठिकाणी ती घरूनच, कॅमेऱ्यासमोर द्यायची असते. खोलीत कोणी आलं, आवाज झाला की त्याची नोंद होते. माझ्या एका विद्यार्थ्याची आजी भर पेपरात मायेने चहा घेऊन आली आणि नंतर त्याला खुलासे देत बसावं लागलं. घरात स्वतंत्र खोली नसेल तर केंद्रावर परीक्षा देता येते का, हे प्रवेशाआधी विचारा.

पैशांबद्दल माझं मत ठाम आहे. इग्नूचं एमबीए एक लाखाच्या आत होतं आणि फी सत्रागणिक भरता येते, म्हणजे तिच्या पगारातून निभतं. खासगी विद्यापीठाची जास्त फी का भरायची याचं कारण तिला सांगता आलं, शिकवणारे कोण हे तिनं पाहिलं असलं, तर जरूर विचार करा. पण हप्त्यांच्या नावाखाली जे देतात ते बहुधा एखाद्या फायनान्स कंपनीचं, तिच्या नावावरचं कर्ज असतं. अभ्यास सोडला तरी हप्ते सुटत नाहीत आणि चुकले तर सिबिलवर डाग पडतो. चुकून मोबाइलवर सही झालीच, तर घाबरू नका. रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जाच्या नियमांत माघार घेण्याची मुदत दिलेली आहे. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा आकार भरून दंडाशिवाय कर्ज बंद करता येतं. किती दिवस, ते कर्जाच्या कागदात लिहिलेलं असतं.

सत्रं वर्षातून दोन सुरू होतात, एक जानेवारी-फेब्रुवारीत आणि दुसरं जुलै-ऑगस्टमध्ये. तेव्हा घाई नाही. विद्यापीठ ठरलं की त्याचं नाव आणि फीची पावती कुणाच्या नावे निघणार ते मला कळवा. पैसे भरण्याआधी मी एकदा बघते.